शुक्रवारच्या बोटीबद्दल सगळं एकदाच

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबांचे प्रश्न काही संपेनात, कुठली बोट, केवढी, रात्री कुठे असशील, म्हणून लिहूनच टाकते. बोट सिल्या सेरेनेड, हेलसिंकी ते स्टॉकहोम. १९९० साली इथेच फिनलंडमधे तुर्कूला बांधलीये, २०३ मीटर लांब, २८५२ पॅसेंजर, शिवाय पोटात गाड्या. आई, मांडव्याची रोरो डोळ्यासमोर आणू नकोस, हिच्या आत मधोमध चक्क रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दुकानं न् हॉटेलं, आणि काही केबिनच्या खिडक्या समुद्राकडे नाहीत तर त्या रस्त्याकडे. मी तसलीच घेतलीय, माणसं बघत बसेन.

बाबा, मरीनट्रॅफिकवर, म्हणजे बोटी नकाशावर ठिपक्यांसारख्या दाखवणाऱ्या साइटवर, नाव टाकू नका, आयएमओ नंबर टाका, म्हणजे बोटीचा कायमचा ओळख क्रमांक, ८७१५२५९. बोटीचं नाव, मालक, झेंडा काहीही बदलो, हा नंबर जन्मभर तोच. नावाने शोधलंत तर सिल्या सिम्फनी उघडून बसाल, ती हिची जुळी बहीण, त्याच रूटवर उलटी येते, मग म्हणाल पोरगी परत का निघाली.

शुक्रवारी इथल्या पाचला सुटते म्हणजे तुमचे साडेसात. साइटवर यूटीसी टाइम, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दिसला तर त्यात साडेपाच तास मिळवा. सुटल्यावर ठिपका सुओमेनलिन्ना किल्ल्याजवळच्या इतक्या चिंचोळ्या खाडीतून जातो की नकाशावर बोट जमिनीवर चढली वाटतं, घाबरू नका. मग मोकळ्या समुद्रात वीस-एकवीस नॉट्स, म्हणजे ताशी ३७-३९ किमी. मधेच ठिपका गायब झाला तर बोट बुडालेली नसते हो, बोट आपली जागा सांगते तो एआयएसचा सिग्नल व्हीएचएफ रेडिओवर जातो, किनाऱ्यावरचा रिसीव्हर लांब पडला की अपडेट येत नाही, एवढंच.

तुम्ही साडेसहाला उठाल तेव्हा ती वाटेतल्या ओलांड बेटांवर मारियेहाम्न बंदरात थांबलेली दिसेल, इथे पहाटेचे चार. एवढ्या रात्री तिथे कोण उतरतं? फारसं कोणीच नाही. पण ओलांड बेटं युरोपियन युनियनच्या टॅक्सच्या हद्दीबाहेर आहेत, १९९९ ला युनियनच्या आतली ड्युटी फ्री बंद झाली, आता या बेटाला टेकलं तरच बोटीवर स्वस्त दारू विकता येते. म्हणून हा सगळा खटाटोप! आपल्याकडचे लोक दमणला जातात, इथे बोटच जाते.

आणि डेस्टिनेशनच्या रकान्यावर जाऊ नका, तो बोटीवरचा माणूस हाताने टाइप करतो, कधी बदलायचा राहतो. स्पीड आणि पोझिशन आपोआप येते, तीच बघा.

शनिवारी तुमच्या दुपारी दीडच्या आसपास पोचेन, उतरले की फोन करते, तोवर दादाला ऑफिसात फोन लावून ठिपका कुठंय विचारत बसू नका.

तुमची,
मनू