सहा जणांसमोर बोलताना

विचिटा, कॅन्सस
रविवार, मार्च महिना

प्रिय मनू,

तुझा मेसेज मिळाला. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेचं काम यंदा तुझ्याकडे आलंय आणि ‘तिकडे कसं करतात ते सविस्तर लिही’ म्हणतेस. बरं झालं विचारलंस. इथे आल्यापासून माझे बहुतेक शनिवार यातच गेलेत, त्यामुळे एकदा सांगायला बसले की मी थांबणार नाही. चहा घेऊन बस.

इथे भाषण हा शाळेतला एक विषय आहे. गणिताचा तास, रसायनशास्त्राचा तास, तसा ‘स्पीच’चा तास. आपल्याकडे 22 सप्टेंबर जवळ आला की बाई वर्गात येऊन विचारायच्या, ‘कर्मवीर अण्णांवर कोण बोलणार?’ तुझा-माझा हात वर जायचा आणि मग घरातल्या कुणी मोठ्यानं लिहून दिलेलं आपण पाठ करायचो. इथे आधी शिकवतात. विषय कसा निवडायचा, माहिती कुठून आणायची, ती कुठून आणली हे बोलता बोलता कसं सांगायचं, आणि चालायचं कसं तेसुद्धा. प्रस्तावना मध्यभागी उभं राहून करायची, पहिल्या मुद्द्याला चार पावलं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, समारोपाला पुन्हा मध्यभागी. नवा मुद्दा सुरू झाला हे ऐकणाऱ्याला पावलांवरूनच कळतं. मी आता असं चालल्याशिवाय मुद्दा बदलूच शकत नाही.

ज्यांना स्पर्धेत उतरायचं असतं ते शाळा सुटल्यावर टीमच्या सरावाला थांबतात. शिकवणारे सर तेच, पण तिथे ते कोच असतात. शनिवारी पहाटे अंधारात पिवळी बस निघते. कधी न्यूटन, कधी हचिन्सन, कधी सलाइना. मुलं-मुली सगळी सुटाबुटात, आणि निम्मी बसमध्ये झोपलेली.

हे सगळं फार जुनं आहे. विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजातले ब्रूनो जेकब यांनी 1925 मध्ये शाळांसाठी नॅशनल फोरेन्सिक लीग (फोरेन्सिक म्हणजे इथे भाषण आणि वादविवाद) सुरू केली, आणि 1931 मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा तिथेच भरली. आता तिचं नाव नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन आहे. ओप्रा विन्फ्रीसुद्धा शाळेत असताना या स्पर्धांत उतरायची. प्रत्येक फेरीचे गुण तुमच्या नावावर जमत जातात, हरलात तरी थोडे मिळतातच. ही पद्धत मला मनापासून आवडते. सहावा आलेला मुलगाही काहीतरी घेऊन घरी जातो.

स्पर्धेच्या जागी पोचलं की आधी दिसतात ती भिंतींशी बोलणारी मुलं. अगं, खरंच. शाळेच्या लांबच लांब व्हरांड्यात डझनावारी मुलं भिंतीकडे तोंड करून, हातवारे करत, आपापलं भाषण म्हणत असतात. कुणी रडतंय, कुणी भांडतंय, कुणी अर्थसंकल्पावर बोलतंय, आणि कुणी कुणाकडे वळून बघत नाही. मीही आता माझी भिंत शोधते.

पण तुला जे खरं सांगायचंय ते त्यानंतरचं आहे. इथे व्यासपीठ नसतं. सभागृह नाही, माइक नाही, घंटा नाही. एक साधा वर्ग, त्यात सहा स्पर्धक आणि एक परीक्षक. त्या एका वर्गात बोलून झालं की पुढच्या फेरीला दुसरा वर्ग, दुसरे पाच जण, दुसरा परीक्षक. म्हणजे बोलताना समोर असतात ते सहाच लोक, आणि त्यातले पाच तुझे प्रतिस्पर्धी. सातारची सवय घेऊन मी तिथे उभी राहिले. ‘सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बंधू-भगिनींनो’ हा आपला जो आवाज आहे ना, छातीतून येणारा, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा, तो त्या खोलीत मावत नाही. चार हातांवर बसलेल्या मुलीला काही सांगायचं तर ते तिलाच सांगावं लागतं. तिच्या डोळ्यांत बघून. एक वाक्य एकीला, पुढचं दुसऱ्याला.

आणि मनू, ते ऐकतात. आपण दोघी आपला नंबर येईपर्यंत काय करायचो ते आठव. ओठांतल्या ओठांत स्वतःचंच भाषण घोकायचो, आणि बोलून झालं की डबा खायला बाहेर. इथे दुसरं कुणी बोलत असताना समोर नुसतं बसून चालत नाही. मान हलवायची, हसू आलं तर हसायचं, डोळे बोलणाऱ्याकडे ठेवायचे. नियमात लिहिलेलं नाही हे, पण टीममध्ये आल्यावर आधी तेच सांगतात. जो मुलगा मला हरवायला आलाय, तोच माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवतोय, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला उरलेलं भाषण म्हणताना बळ आलं. त्याच्या वेळी मी तितक्याच मनानं ऐकलं. एका मुलीनं तिच्या वडिलांच्या दारूवर भाषण केलं. आम्ही पाच अनोळखी पोरं आणि कुणाची तरी आजी असलेल्या परीक्षक बाई, एवढेच होतो तिथे. हजार लोकांच्या सभागृहात ती ते बोलली असती असं मला वाटत नाही.

प्रकार कितीतरी आहेत, सगळे सांगत नाही. तुला आवडेल असा एक म्हणजे एक्स्टेम्प. चालू घडामोडींवरचे तीन प्रश्न चिठ्ठीत निघतात, त्यातला एक निवडायचा, 30 मिनिटं तयारी आणि मग 7 मिनिटं भाषण, आकडे आणि संदर्भांसकट. पूर्वी मुलं वर्षभराची वर्तमानपत्रांची आणि मासिकांची कात्रणं भल्यामोठ्या पेट्यांत भरून न्यायची, आता लॅपटॉप असतो. परीक्षक बोटं दाखवून उरलेली मिनिटं सांगतात. तू पेपर ज्या तऱ्हेनं वाचतेस ना, अग्रलेखापासून मागच्या पानापर्यंत, तू यात सगळ्यांना मागे टाकशील. दुसरा गमतीचा प्रकार म्हणजे ड्युओ: दोघांनी मिळून नाट्यप्रसंग सादर करायचा, पण एकमेकांना स्पर्श करायचा नाही आणि एकमेकांकडे बघायचंही नाही. दोघंही समोर बघतात, आणि तरी आपल्याला ते मिठी मारताना दिसतात! वादविवाद वेगळाच. त्यातल्या एका प्रकाराला लिंकन-डग्लसचं नाव आहे, 1858 मध्ये त्या दोघांनी इलिनॉयमध्ये गुलामगिरीवर जे सात जाहीर वाद घातले त्यावरून. पॉलिसी डिबेटमध्ये, म्हणजे सरकारी धोरणांवरच्या वादात, मात्र काही मुलं मिनिटाला 300 हून अधिक शब्द बोलतात. त्यामागची मेहनत मी जवळून बघितली आहे, पण जे बोलणं कानाला समजत नाही ते मला आपलं वाटत नाही.

‘ओरिजिनल ऑरेटरी’ म्हणजे आपल्या वक्तृत्वाच्या सगळ्यात जवळचा प्रकार. 10 मिनिटं, पाठ, स्वतः लिहिलेलं. त्यात दुसऱ्याचे उद्धृत केलेले शब्द 150 च्या वर चालत नाहीत. मनू, आपली भाषणं आठव! दर परिच्छेदाला एक कविता, मध्ये शेर, शेवटी सुविचार. तुमच्या स्पर्धेत एवढा एक नियम घातलास तरी मुलांना स्वतःचं लिहावं लागेल.

मी मात्र ‘इन्फॉर्मेटिव्ह’ करते. 10 मिनिटांत श्रोत्यांना नवीन काहीतरी समजावून द्यायचं. हवे तर चित्रांचे फलक वापरायचे. माझा विषय ऐकून तुला आनंद होईल: आपल्या साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर.

पहिल्या मसुद्यात नुसती विहीर होती. वीरूबाई भोसल्यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली, 110 फूट खोल, 50 फूट व्यास, एका वेळी बारा मोटा चालायच्या. आजोबांकडून फोनवर विचारून विचारून मोट, म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायची चामड्याची पिशवी, कशी चालते ते लिहिलं: नाडा कुठला, सोल कुठला, बैल धावेवरून उतरतात तेव्हा मोट वर कशी येते, थारोळ्यात पाणी कसं रिकामं होतं. फलकावर दोन बैल काढले. एका परीक्षकानं लिहिलं की सगळं छान आहे, पण ही विहीर कॅन्ससमधल्या माणसाची कशी होते ते मला कळू दे.

त्या एका ओळीवर मी किती विचार केला! मग कोच म्हणाले, ग्रीन्सबर्गला जाऊन ये. विचिटापासून पश्चिमेला दोन तासांच्या आत. त्या छोट्याशा गावात ‘बिग वेल’ आहे, हातांनी खोदलेली अवाढव्य विहीर. 1887 मध्ये काम सुरू झालं, 1888 मध्ये पुरं झालं. व्यास 32 फूट, आणि खोली किती? 109 फूट! मी जिन्यानं खाली उतरले, आणि तिथे उभ्या उभ्या मला माझं भाषण सापडलं. आपल्या लिंबच्या विहिरीहून फक्त एका फुटानं कमी. 1932 पर्यंत गावाला तिचं पाणी होतं. 2007 च्या मे महिन्यात चक्रीवादळानं जवळजवळ सगळं गाव जमीनदोस्त केलं, विहीर तेवढी जमिनीखाली शाबूत राहिली. आता तिच्यावर नवं संग्रहालय बांधलंय.

तेव्हापासून माझं भाषण ग्रीन्सबर्गच्या विहिरीत उतरतं आणि लिंबच्या विहिरीतून वर येतं. पाण्यासाठी 100 फूट खाली जाणारी माणसं दोन्हीकडची आहेत, हे समजावून देताना मला मोटेचं चामडं, नाडा, धाव सगळं सांगता येतं आणि समोरची शेतकऱ्यांची पोरं पुढे सरकून ऐकतात. पश्चिम कॅन्ससच्या शेतांखालच्या ओगलाला जलसाठ्याची पातळी खाली चाललीय, त्यामुळे पाण्याचं बोललं की त्यांना ते घरचंच वाटतं.

आणि हे एकच भाषण मी सबंध हंगाम करते. आपल्याकडे दर स्पर्धेला नवा विषय, नवं पाठांतर, आणि जुनं भाषण विसरून जायचं. इथे तेच भाषण घेऊन दर शनिवारी नव्या खोलीत उभं राहायचं आणि दर सोमवारी ते पुन्हा लिहायला घ्यायचं. पीठ मळत राहिलं की कसं नरम येतं, तसं ते हळूहळू तुमच्या तोंडाचं होतं. माझ्या आत्ताच्या भाषणात पहिल्या मसुद्यातली वाक्यं शोधून सापडायची नाहीत.

हे होतं ते बॅलटमुळे, म्हणजे परीक्षकांच्या निकालपत्रामुळे. परीक्षक खोलीतल्या सहा जणांना 1 ते 6 क्रमांक देतात, फेऱ्यांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि कमी बेरीजवाले पुढे जातात. पण त्याच कागदावर परीक्षकानं प्रत्येकासाठी लिहायचं असतं: काय पोचलं, कुठे कंटाळा आला, कुठला शब्द कळला नाही. संध्याकाळी निकाल लागल्यावर तो कागद हातात पडतो. हल्ली बहुतेक ठिकाणी वेबसाइटवरच वाचायला मिळतो. पारितोषिक मिळालेलं असो वा नसो. परतीच्या बसमध्ये सगळी टीम एकमेकांचे शेरे वाचत असते. आपल्याला काय मिळायचं? प्रमाणपत्र, आणि सगळ्यांना मिळून परीक्षकांचं मनोगत. माझं कुठे चुकलं, कुठे जमलं, हे मला एकटीला उद्देशून कुणी कधी लिहून दिलं नाही. मला ते हवं होतं गं. तुलाही हवं होतं, मला माहीत आहे.

परीक्षक कुठून येतात, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. शाळा आपल्या मुलांच्या संख्येप्रमाणे परीक्षक घेऊन येतात, आणि त्यात निम्मे पालक असतात. आमची आईसुद्धा! तिला आधी वाटलं, माझ्या इंग्रजीला कोण विचारणार. कोचनी तिला सांगितलं की तुम्हाला जे समजलं आणि जे समजलं नाही तेच लिहा, आम्हाला तेच हवंय. स्वतःच्या मुलीच्या शाळेतल्या कुणाचं परीक्षण करता येत नाही, त्यामुळे ती आणि मी दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत. जेवणाच्या वेळी भेटली तेव्हा डोळे पाणावलेले. कुणा मुलाचं नाट्यवाचन ऐकून आली होती. प्रत्येकाला तिनं इतकं भरभरून लिहिलं होतं की पुढच्या फेरीची वेळ होत आली तरी ती लिहीतच होती. बँकेत इतकी वर्षं नोकरी केलेली माझी आई मला त्या दिवशी नव्यानं भेटली.

तर आता तुझ्या स्पर्धेचं. सगळं इथल्यासारखं कर असं मी म्हणणार नाही. सभागृहातली अंतिम फेरी ठेवच. तो आपला मोठा आवाज मला आजही प्रिय आहे, आणि उघड्या मैदानावर बोलायची वेळ आली तर इथल्या पोरांना तो जमणार नाही. पण पहिल्या फेरीला सभागृह घेऊ नकोस. साठ मुलं आली तर दहा वर्ग उघड, सहा-सहा जण बसव, आणि सहाव्याचं बोलून होईपर्यंत कुणी उठायचं नाही असं आधीच सांग. दहा परीक्षक मिळायला हरकत नाही: माजी विद्यार्थी, पालक, शेजारच्या कॉलेजातले प्राध्यापक. तुमच्या ग्रंथालयात रोज पेपर वाचायला येणारे ते निवृत्त गुरुजीसुद्धा बोलाव. प्रत्येकाच्या हातात सहा कोरे कागद दे. वर मुलाचं नाव, खाली परीक्षकानं लिहायचं, किमान चार ओळी. कागद त्याच संध्याकाळी मुलांना मिळाले पाहिजेत, ऑफिसात अडकता कामा नयेत. प्राचार्य खर्चाचं विचारतील. एक रीम कागद लागतो, बाकी काही नाही.

नमुन्याचा कागद मी मराठीत करून व्हॉट्सअॅपवर पाठवते, तू तुमच्या पद्धतीनं बदल.

माझंही एक काम कर. लिंबला जाशील तेव्हा विहिरीवरच्या शिलालेखाचा फोटो अगदी समोरून काढ, सकाळच्या उन्हात. माझ्याकडचा तिरका आहे, फलकावर मोठा केला की अक्षरं लागत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळाला तर छापून घेता येईल.

काका-काकूंना नमस्कार. तुझी तारीख ठरली की लगेच कळव.

तुझीच,
चिमी