तुमच्या बांधावर अडलेली वाट

येडशी,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय दोस्ता,

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, माझी शुगर जरा वर. असो.

फोन केला असता, पण फोनवर तू ‘बघू, बघू’ करून निसटतोस. पोरींना शाळेत जायला आम्ही काढतोय त्या सायकलवाटेची काल मोजणी झाली. मोजणीदारानं गावनकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, 16.5 ते 21 फूट; तुटक एकेरी म्हणजे पायमार्ग, 8.25 फूट. ती एकेरी रेषा ओढा ओलांडून कुठं शिरते, सांग बरं? तुमच्या लिंबाच्या बांधाला!

तिथं आता छातीइतकी तूर उभी आहे, पिवळ्या फुलांनी भरलेली. मोजणीचं रोव्हर यंत्र लावलेली काठी घेऊन पोरगा आत गेला तर नुसती काठीच दिसत होती. पलीकडच्या तोंडाला बाभळीच्या काट्या. तुझे दादा धोतराचा सोगा खोचून उभे. म्हणाले, “पोरींच्या सायकलींचं नाव सांगता. एकदा मुरूम पडला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या घालाल माझ्या रानातून.”

खोटं कसं म्हणू? पलीकडच्या शिवारात शेतरस्त्याचं तेच झालं. मुरूम पडला, पहिल्याच हंगामात ट्रॅक्टरनं चाकोऱ्या पाडल्या, आता पावसाळ्यात बैलही चालत नाही. म्हणून मी म्हणतोय, वाटेच्या दोन्ही तोंडांना दगडी खांब रोवू, मधून सायकल आणि माणूस जाईल एवढीच फट. त्यावर सरपंच म्हणतात, मग मतं कोण देणार!

तुला वाटेल, याला एवढं काय पडलंय. अरे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली मिळाल्या. त्या ओसरीत उभ्या आहेत, कॅरियरवर सरकीची पोती. शाळेला जायचं तर 52 नंबरच्या हायवेवरून, ट्रकच्या वाऱ्यानंच हँडल हलतं. आपण नळीखालून पाय घालून शिकलो तेव्हा तो रस्ता केवढा होता, आठवतंय ना? (आणि तुझ्या सायकलीची घंटी मी काढली नव्हती. अजूनही सांगतो.)

आतून गेलं तर गावं एकमेकांना चिकटलेली आहेत. वाटा नकाशावर आहेत, रानात नांगरल्या गेल्यात. आपल्या काळ्या रानात नुसती माती ओढून भागत नाही. मडगार्डमध्ये चिखल बसला की सायकल खांद्यावर. खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम, रोलर आणि बाजूला पाण्याला चर, एवढं पाहिजेच. रोजगार हमीतून होईल म्हणतात. बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचा भराव मिळाला असता तर काय हवं होतं! रेल्वेला खडा चढ चालत नाही, सायकलीला तेच बरं. 1911 साली लातूरला पोचलेली गाडी ती; रूळ निघाले, जमीन मात्र रेल्वेचीच. आणि घाटात रामलिंगचं अभयारण्य. दोन खात्यांचे उंबरठे झिजवण्यापेक्षा तो तुकडा तूर्त सोडलाय.

तर अडकलंय तुमच्या बांधावर. वकील म्हणतो, मामलेदार कोर्ट कायदा, 1906, कलम 5, अर्ज टाका, तहसीलदार अडथळा काढून देतील. देतीलही. पण वर्षभर तारखा, आणि नंतर दादा रोज बांधावर शिव्या घालत उभे. त्या वाटेनं कोण आपली लेक पाठवील? बरं, ते माझे वैरी नाहीत. विहिरीवरून आपल्या घरांचं भांडण झालं तेव्हा मला पोटभर जेवू घालणारे तेच एकटे होते. तू तर चार महिने बोलला नव्हतास, भांडखोर!

काल निघताना दादाच म्हणाले, “त्याला विचारा. सातबाऱ्यावर त्याचंही नाव आहे.” मोजणीदार माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोललो नाही.

आता तू बोल. पण फोनवर नको, ते ऐकणार नाहीत. समोर बस. आधी त्यांचं ट्रॉल्यांचं भय ऐकून घे, मग खांबांचं सांग. खांब आपल्या खर्चानं रोवू, ग्रामसभेच्या ठरावात ‘ट्रॅक्टर बंद’ असं लिहून घेऊ.

लेकीची बारावी ना यंदा? फ्लॅटचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार, कविता छापून आली ती वाचली, आवडली.

तूर निघाली की दादा लगेच नांगर घालतील. त्याआधी ये. स्टँडवर घ्यायला येतो.

तुझाच,
भांडकुदळ