प्रश्न देवळांच्या जमिनीचाही होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतील पोर्तुगीज गोव्यावरचा लेख वाचला. राज्याला मिरीचा व्यापार हवा होता, धर्मांतर हे पाद्र्यांचे खूळ, असा त्याचा एकूण सूर आहे. तो पटत नाही. पोपने टप्प्याटप्प्याने दिलेल्या ‘पाद्रुआदो’ हक्कामुळे पूर्वेकडचे बिशप पोर्तुगालचा राजा सुचवायचा आणि चर्चचा खर्चही त्याच्याच खजिन्यातून व्हायचा. मग राजा वेगळा आणि पाद्री वेगळे कसे काढायचे?

१५४० साली तिसवाडीतील (गोवा शहराभोवतीच्या बेटांवरील) देवळे पाडली गेली, हे लेखात एका ओळीत उरकले आहे. खरी मेख तिथून पुढे आहे. देऊळ पाडले तरी देवाच्या नावाची जमीन जागेवरच राहते. १५४१ मध्ये बेटांवरच्या गावकारांना (गावच्या सामाईक जमिनींचे वंशपरंपरागत वाटेकरी) बोलावून या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे लावून देण्यास त्यांची संमती घेण्यात आली. ती कितपत राजीखुशीची असेल, हे सांगायला नको! या गावकारांची ‘गावकरी’ नावाची संस्था मात्र मोडली नाही. वसुली तिच्यामार्फतच होत असल्याने तिचे रीतिरिवाज सरकारने १५२६ च्या ‘फोराल’ या सनदेमध्ये आधीच लिहून घेतले होते. ज्या शेताच्या उत्पन्नातून देवळातल्या नंदादीपाचे तेल यायचे, त्याच शेतावर आता चर्चचा खर्च भागू लागला. हे नुसते खूळ नव्हे, पक्का महसुली कारभार आहे.

सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावाचा तर लेखात उल्लेखही नाही. जुलै १५८३ मध्ये तिथे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे पाच जण मारले गेले. त्यातला आक्वाव्हिवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. पुढे गावकारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. गावाच्या जमिनीही गेल्या. पाद्र्यांवर हात उचलणे म्हणजे राजद्रोहच, असा सरळ हिशेब होता.

पण हेच राज्य पुढे वेगळे वागले. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून आमच्या फोंडा महालात आली, कारण तेव्हा हा मुलूख पोर्तुगीजांचा नव्हता. १७६३ मध्ये तोही त्यांच्या ताब्यात गेला. या खेपेस मात्र देवळांना हात लागला नाही. धर्म आणि रीतिरिवाज पाळू देण्याचे आश्वासन मिळाले. मधल्या काळात मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली होती आणि जेझुइटांना १७५९ मध्ये खुद्द पोर्तुगालच्या सरकारनेच हाकलून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. नव्या मुलखातली रयत दुखावणे आता परवडणारे नव्हते. आधीपासून पोर्तुगीजांकडे असलेल्या जुन्या तालुक्यांत मात्र इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय), मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालूच राहिले.

मिरीवर भरपूर लिहून झाले आहे. पुरवणीत एखादा लेख गावकरीच्या जमिनींवरही यावा.

– एक वाचक, फोंडा (गोवा)