जिभेला दोष देण्याआधी रीड बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बास क्लॅरिनेटवर (साध्या क्लॅरिनेटचा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ) टंगिंग, म्हणजे जिभेने रीडला टेकून सूर सुटे काढणं, साफ येत नाही म्हटलं की आपल्याकडे सरळ मुलालाच बोल लावतात, रियाज कमी पडतोय, जीभ जड आहे, अजून महिनाभर घासून घे वगैरे. पण माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, काढून त्यावरची रीड, म्हणजे थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी, जरा उजेडात धरून बघायचे कष्ट कोणी घेत नाही. ठाणे-नवी मुंबईत हे वाद्य शिकणारी मुलं मोजकीच आहेत पण मनापासून शिकतायत, एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकून येतात आणि तसा आवाज काढायचा म्हणून धडपडतात, त्यांचा हिरमोड असा फुकट होऊ नये एवढ्यासाठी हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात इथल्याच एका संस्थेच्या सरावाला बसलो होतो. एक मुलगी लो एफ या खालच्या सुरावर सुटे सुर काढत होती आणि प्रत्येक सुराआधी फुस्स करून हवा यायची, मग मागाहून सूर. सर वैतागले होते. मी रीड बघितली तर टोकाला लाट आलेली, ओली करूनही ती लाट बसली नव्हती. माउथपीस नेकवरून (वरच्या वाकड्या नळीवरून) काढलं, खालचं तोंड तळहातावर दाबलं आणि वरून हवा ओढली, रीड चांगली बसलेली असेल तर ती क्षणभर चिकटून राहते आणि मग पॉप असा आवाज करून सुटते, इथे चिकटलीच नाही, म्हणजे बाजूने हवा निसटत होती. दुसरी रीड लावली आणि त्याच मुलीच्या त्याच जिभेने सूर लगेच पकडला.

कारण समजायला अवघड नाही. साध्या क्लॅरिनेटच्या माउथपीसला टोकाशी रीड आणि कडेमधली फट साधारण 1 मिमीच्या आसपास असते, बासला जवळपास त्याच्या दुप्पट. रीड रुंद, जड, तिला जास्त अंतर हलायचंय, त्यामुळे ती मुळातच उशिरा बोलते. त्यात फट मोठी आणि वर कोणीतरी 'स्ट्राँग आवाज येतो' म्हणून 3 किंवा साडेतीन नंबरची रीड दिली (नंबर मोठा तितकी रीड कडक) की संपलंच, सूर सुरू व्हायला धक्काच मारावा लागतो. मोठ्या फटीला नरम रीड, लहान फटीला थोडी कडक, हा साधा हिशेब आहे. आणि फारच नरम घेतली तर जोरात फुंकल्यावर रीड टोकालाच मिटते आणि आवाज फाटतो, तेही नको. शिकणाऱ्याने 2 किंवा अडीचपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

रीड कुठे बसवली यानेही खूप फरक पडतो. समोरून बघितलं की रीडच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसभर दिसायला हवी. रीड केसभर वर सरकवली तर ती कडक लागते, खाली घेतली तर नरम, म्हणजे रीड न बदलताही बरंच काही सुधारता येतं आणि याला पैसे पडत नाहीत! लिगेचर, म्हणजे रीड माउथपीसला बांधून ठेवणारी पट्टी, फक्त रीड हलणार नाही एवढंच आवळायचं. लोक स्क्रू असे पिळतात की रीड श्वासच घेऊ शकत नाही.

पावसाळ्याचं तर वेगळंच. जुलैत शाळांचे बँड 15 ऑगस्टच्या तयारीला लागतात आणि नेमक्या तेव्हाच आपल्या खाडीकाठच्या हवेत रीडच्या पाठी (माउथपीसवर टेकणारी सपाट बाजू) फुगतात, बुरशी धरते. वाजवून झाल्यावर रीड पुसून काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून वाळवा, माउथपीसवर तशीच लावून ठेवू नका. पाठ फुगली असेल तर काचेवर 600 नंबरचा पॉलिश पेपर पसरून पाठ त्यावर हलक्या हाताने फिरवा, टोकाला हात न लावता. एकाच बाजूचा आवाज दबत असेल तर माउथपीस किंचित फिरवून रीडची एक बाजू ओठाने दाबायची आणि दुसरी मोकळी ठेवून फुंकायचं, मोकळी बाजू कोंडल्यासारखी वाजली की ती जाड समजायची आणि मधला गाभा सोडून तेवढीच कडेने थोडी घासायची. थोडी म्हणजे अगदी थोडी, घासलेलं परत येत नाही.

माउथपीसचं टोक उडालं असेल तर मात्र घरी कानस घेऊन बसू नका, ते मापं घेऊन करायचं काम आहे. बरीच माउथपीस एबोनाइटची (कडक रबराची) असतात, ती गरम पाण्याने धुऊ नका आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, मटेरियल खराब होतं. आणि हे सगळं करूनही फक्त खालचे सूर उशिरा येत असतील तर वाद्याची भोकं झाकणारे पॅड लीक आहेत का बघा, सगळं खापर रीडवरही फोडू नये.

जिभेचं काम उरतंच, नाही कोण म्हणतंय. जिभेने रीडला टोकाच्या जरा खाली हलकं टेकायचं, मागून हवा चालू ठेवायची, आणि वाद्याचा जमिनीवर टेकणारा खालचा पेग अशा उंचीवर लावायचा की मान न वाकवता माउथपीस तोंडाशी यावं. पण वाद्य साथ देत असेल तरच या सरावाचा उपयोग.

एक अडचण पैशाची आहे. साध्या क्लॅरिनेटच्या रीडच्या डब्यात 10 येतात, बासच्या डब्यात बहुतेक 5 आणि त्या महाग, म्हणून मुलं एकच रीड तुटेपर्यंत ओढतात. यावर टेनर सॅक्सोफोनची रीड चालते, माप जवळपास तेच आहे आणि सॅक्सची रीड दुकानात मिळणं सोपं. तीन-चार रीड आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येक जास्त टिकते.

शाळा आणि संस्थांना विनंती की वाद्य घेताना बरोबर आलेल्या माउथपीसवर भागवू नका, चांगल्या माउथपीसचे आणि वर्षभराच्या रीडचे पैसे आधीच बाजूला काढा. आणि आपल्या पुरवणीत तबला-हार्मोनियमबद्दल जसं येतं तसं फुंकवाद्यांच्या देखभालीवरही कधीतरी सविस्तर छापा, निदान पावसाळ्याच्या आधी, जूनमध्ये.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)