पुण्यात भेटलेल्या सोलापूरच्या पोरांचे आभार

काश्मीरमधलं गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर. तिथं स्कीइंग शिकताना लेकीचा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी पट्टा बांधून बेतानं चालायला सांगितलं. परतताना पुण्यातल्या पॉप कॉन्सर्टची तिकिटं आधीच काढलेली होती, तिचा सगळा जीव त्यात, म्हणून गेलो.

कार्यक्रम छान झाला. बाहेर पडताना मात्र गर्दीत धक्का लागला आणि ती खालीच बसली. उठता येईना. तेवढ्यात कॉलेजची काही मुलं-मुली धावत आली. "काकू, घाबरू नका, आम्ही हाय की!" हेल ऐकूनच कळलं, आपल्या सोलापूरची! त्यांनी हातात हात गुंफून तिच्याभोवती कडं केलं. दोघींनी खांद्याचा आधार दिला. एक जण मुख्य रस्त्यापर्यंत पळत जाऊन रिक्षा घेऊन आला.

ती मुलं-मुली स्टेशनवरही आमच्यासोबत थांबली. गाडी येईपर्यंत एका मुलीनं लेकीचा पाय स्वतःच्या सॅकवर ठेवला होता. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आमच्यापुढे केली, तेव्हा रडवेली पोर पहिल्यांदा हसली.

बाळांनो, नावं विचारली तर हसून टाळलंत. मनापासून आभार. लेक आता नीट चालते. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्ड्यावर (जत्रेच्या मैदानात) दिसलो तर नक्की हाक मारा, तिला तुम्हाला भेटायचंय.