आधी बूड, मग वॉर्निश

आबा,

हे तुमचं नाव नव्हे, आणि या नावाने मी तुम्हाला कधी हाकही मारलेली नाही. मिशिगनमधल्या 84 वर्षांच्या गोऱ्या शेजाऱ्याला तोंडावर आबा म्हणायचा धीर मला झाला नाही. मनातल्या मनात मात्र गेली चार वर्षं तेच चाललंय.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. ते मुद्दामच. इंग्रजीत आभार मानून बघितले, तीनदा. तिन्ही वेळा तुम्ही 'येप' म्हणालात आणि हवामानावर घसरलात. एकदा मी केक घेऊन आले, तर केक ठेवून घेतलात आणि विचारलंत, बोटीच्या बुडात पाणी किती साचलंय ते सकाळी बघितलंस का? तेव्हा आता माझ्या भाषेत, चार लोकांच्या देखत. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बोट आम्ही विकत घेतली नाही, ती घराबरोबर आली. सेंट क्लेअर तलावापासून दहा मिनिटांवर घर घेतलं, तेव्हा गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली ट्रेलरवर काहीतरी होतं. विकणाऱ्याचा मुलगा म्हणाला, वडिलांची आहे, हवी तर ठेवा, नाहीतर आम्ही तोडून टाकतो. ख्रिस-क्राफ्ट कंपनीची 1951 सालची 18 फुटी रिव्हिएरा, महोगनीची, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. माझी पात्रता म्हणाल, तर जन्म गिरगावातला, पोहता येत नाही, आणि गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमध्ये दोन्ही वेळा उलटी झालेली. नवरा म्हणाला, तोडू दे. मी ताडपत्री वर केली, डेकवरच्या पांढऱ्या रेघा बघितल्या, आणि 'राहू दे' म्हणून बसले.

पहिल्या उन्हाळ्यात मी व्हिडिओ बघून बघून डेक घासला. जुनं वॉर्निश खरवडलं, नवीन सहा हात दिले. दोन हातांच्या मध्ये 320 नंबरचा सँडपेपर, ओल्या फडक्याने फरशी पुसून धूळ बसवणं, पहाटे वारा पडलेला असताना ब्रश चालवणं, सगळं यथासांग. डेकमध्ये तोंड दिसायला लागलं. मी गॅरेजचं शटर उघडं ठेवून बसायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावं म्हणून.

बघितलंत ते तुम्ही. आत आलात, नमस्कार-चमत्कार नाही, डेककडे नजरसुद्धा नाही. ट्रेलरच्या खाली वाकलात, गुडघे कुरकुरले ते मला ऐकू आलं. खिशातून लाकडी मुठीचा टोचा काढलात आणि बुडाच्या फळीत, मधल्या कण्याला लागून, अंगठ्याने नुसता दाबलात. उकडलेल्या सुरणात काटा शिरावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही. वीतभर पुढे पुन्हा. पुन्हा तसाच. मग तुम्ही बाहेर आलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "वॉर्निश छान झालंय."

आधी कळस मग पाया, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिचा अर्थ मला वयाच्या 47व्या वर्षी, गॅरेजच्या फरशीवर बसून कळला. त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता की मी रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोन जॅक, एक चेन-पुली आणि गल्लीतली चार माणसं घेऊन दारात. बोट उलटी करायची, एवढंच म्हणालात. मी हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्या हिवाळ्यात मी फक्त स्क्रू काढले. लोकांना वाटतं, लाकडी बोट दुरुस्त करायची म्हणजे रंधा, पटाशी, लाकडाचा वास. नाही हो. पुटी खरवडा, स्क्रूची खाच टोकदार पात्याने साफ करा, स्क्रूड्रायव्हर लावून वरून एक हातोडी मारा, मग फिरवा. हजारानंतर मी मोजणं सोडलं. काही पितळी होते, त्यांतलं जस्त पाण्याने खाऊन टाकलेलं, मोडले की आतून गुलाबी दिसायचे आणि बिस्किटासारखे तुटायचे. तुटलेला प्रत्येक स्क्रू बाहेर कसा काढायचा, ते तुम्ही एकदाच दाखवलंत. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणालात, "मी दाखवलंय." मग मी तुमच्या हातांकडे नीट बघायला शिकले. (नवऱ्याने तोवर गॅरेजमध्ये एक हीटर आणि एक रेडिओ आणून ठेवला होता, त्याचंही श्रेय इथे लिहून टाकते, नाहीतर घरी ऐकावं लागेल.)

या बोटींचं बूड दुहेरी असतं. आत पातळ फळ्या तिरक्या बसवलेल्या, त्यावर चिकट लगद्यात भिजवलेलं कॅनव्हास, आणि वरून लांबीच्या दिशेने जाड फळ्या. आतली पाच फळकुटं सोडली तर सगळ्याचा भुगा झाला होता. आता नवीन बूड करायचं तर हल्ली बहुतेक लोक कॅनव्हासऐवजी 5200 नावाचं पॉलियुरेथेन भरतात. रबरासारखं सुकतं, पाणी आत येत नाही, बोट पाण्यात सोडली की लगेच फिरायला मोकळे. मी सगळं वाचून ठेवलं होतं, कोष्टक करून आणलं होतं. तुम्ही कोष्टक वाचलंत, पूर्ण वाचलंत, आणि नाही म्हणालात.

पंधरा दिवस आपण भांडलो. तुमचं म्हणणं, ते एकदा धरलं की सुटत नाही, उघडायला गेलं तर फळी फाटते पण जोड सुटत नाही. पुढच्या वेळी ज्याला हे बूड उघडायचंय, तो आपल्याला शिव्या घालेल. मी विचारलं, तो म्हणजे कोण? माझ्या मुलीला बोटीत रस नाही, तुम्हाला मूलबाळ नाही. तुम्ही म्हणालात, "कोणीतरी. 1951 साली तुझा तरी पत्ता कुणाला होता?"

मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करून पोट भरलंय. या वाक्यावर मला बोलायला काही उरलं नाही. कॅनव्हासच घातलं. पुढे मिशिगनमधल्याच हेसेल गावच्या लाकडी बोटींच्या मेळ्यात दोन जाणत्या लोकांनी मला सांगितलं की म्हाताऱ्याने उगाच हट्ट केला, 5200च बरं. असेलही. त्यांच्याही बोटी सुरेख होत्या.

लाकडाची गंमत सांगायची राहिली. नव्या फळ्या आणायला गेलो तेव्हा वखारीत दोन ढीग होते, एक खऱ्या महोगनीचा, एक 'फिलिपीन महोगनी'चा. मी घरी येऊन शोधलं, तर ही फिलिपीनवाली महोगनी मुळात महोगनीच नाही, ती आपल्या सालवृक्षाची चुलतबहीण. आणि साल म्हणजे ज्याच्या खोडातून राळ निघते तो. खरी महोगनी निघाली कडुनिंबाच्या कुळातली. मी हे तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, तुमच्या मुंबईत 1817 साली बांधलेली सागवानी लढाऊ बोट इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे, ते तुला ठाऊकच असेल. मला ठाऊक नव्हतं. ट्रिंकोमाली तिचं नाव, वाडियांच्या गोदीतली. मुंबईत जन्म घालवून हे मला मिशिगनमधल्या अल्गोनॅक गावच्या माणसाकडून कळावं! तेव्हापासून तुमच्यापुढे इतिहास काढायचा नाही, असा कानाला खडा लावलाय.

नाळेजवळची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, फळी बसवायची होती, तो दिवस तर मी विसरणार नाही. तिथे फळी वळायची असते आणि पिळायचीही. तुम्ही प्लायवुडची लांब पेटी केलीत, एका टोकाला पाण्याचा डबा आणि शेगडी, पेटीच्या फटींतून वाफ. हिशोब सोपा, एक इंच जाडीला एक तास. घरी गणपती होता, आत उकडीचे मोदक चालले होते आणि बाहेर फळी. सासूबाई भारतातून आलेल्या, त्या बाहेर येऊन वास घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, शेगडी मंद कर, पाणी आटेल. आबा, तुम्हाला मराठी येत नाही, पण तुम्ही शेगडी मंद केलीत. फळी बाहेर काढल्यावर जेमतेम अर्धं मिनिट हातात असतं. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या, नवरा क्लॅम्प देत. फळी ओल्या चामड्यासारखी वळत गेली आणि शेवटच्या फुटावर 'कट' झालं. मी डोळे मिटले. तुटली नव्हती, क्लॅम्प घसरला होता. त्यानंतर तुम्ही चार मोदक खाल्लेत आणि आतल्या सारणात काय आहे, एवढंच विचारलंत.

फळ्यांच्या मध्ये मी एक केसाचीही फट ठेवणार नव्हते. तुम्ही पोस्टकार्ड सरकेल एवढी ठेवायला लावलीत. लाकूड पाणी पितं, लांबीत वाढत नाही, रुंदीत फुगतं. कोरडं असताना गच्च बसवलं तर फुगताना जागा मिळत नाही, मग स्क्रू तुटतात नाहीतर फासळी चिरते. म्हणून बोट पहिल्यांदा पाण्यात सोडायची ती गळणारच असते. हे डोक्याला कळलं होतं. पण मे महिन्यात मरीनावर लिफ्टच्या पट्ट्यांत लटकवून तिला पाण्यात टेकवली, आणि एकेका सांध्यातून पाण्याची बारीक धार आत यायला लागली, तेव्हा मला रडू फुटलं. तीन वर्षांचं काम, आणि चाळण!

तुम्ही घडीची खुर्ची उघडलीत, थर्मास काढलात. पट्टे सोडायचे नाहीत, दोन पंप चालू ठेवायचे, आणि बसायचं. संध्याकाळी सहाला पंप अखंड चालत होता. मध्यरात्री तो मिनिटभर थांबून पुन्हा सुरू व्हायला लागला. मी मोबाईलवर वेळ लावून ऐकत होते: एक मिनिट, दीड, दोन. त्या रात्री तुम्ही तीन वर्षांत बोलला नव्हतात इतकं बोललात. वडील अल्गोनॅकला ख्रिस-क्राफ्टच्या कारखान्यात होते, युद्धात तिथे सैन्य उतरवायच्या लाकडी बोटी बनत, आई त्या काळात तिथेच वॉर्निशच्या खोलीत कामाला लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने लाकूड सोडलं, सगळं फायबरग्लास झालं, त्यावर तुम्ही एकच वाक्य बोललात आणि ते इथे छापण्यासारखं नाही. पहाटे पाचला पंप अकरा मिनिटं गप्प राहिला. तुम्ही झोपला होतात, टोपी नाकावर. मी उठवलं नाही. तिसऱ्या दिवशी बूड कोरडं झालं.

आणखी एक, ज्याबद्दल मी कधी बोललेच नाही, कारण लाज वाटली. मागच्या नोव्हेंबरमध्ये मी आठ दिवस कामासाठी बाहेर होते. इंजिनातलं पाणी काढायचं राहून गेलं होतं, आणि मला वाटलं होतं, थंडी पडायला वेळ आहे. पारा एका रात्रीत उतरला. ब्लॉकमध्ये पाणी गोठलं की ओतीव लोखंड तडकतं, मग ते इंजिन शोभेला ठेवायचं. परत आले तर ब्लॉकच्या तळाची तोटी उघडी, आणि तिच्यात एक तारेचा तुकडा अडकवलेला. तोटी नुसती उघडून भागत नाही, आत गाळ बसलेला असतो, तारेने टोचल्याशिवाय पाणी येत नाही. येतं ते गंजाच्या रंगाचं. म्हणजे तुम्ही रात्री, तुमच्या त्या गुडघ्यांनी, इंजिनाशेजारी पालथे पडून ते केलंत. शेजारच्या मुलाकडून कळलं, टॉर्च त्याने धरला होता. तुम्ही मला काही म्हणाला नाहीत. पुढच्या भेटीत फक्त विचारलंत, प्रवास कसा झाला.

आता मी इंजिन सुरू करायच्या आधी पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा चार मिनिटं लावते, आणि तरी झाकण उघडून नाक आत घालून पेट्रोलचा वास घेते, तुम्ही घालता तसं. धक्क्यावरची पोरं हसतात. उलटी होत नाही, हे सासूबाईंना कळवलंय. पोहणं शिकतेय, अजून अर्ध्या टाकीपर्यंतच जाते.

जुलैमध्ये तुमच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, फार्मसीतल्या बाईने सांगितलं. तेव्हा या ऑक्टोबरला तुमच्या बोटीच्या इंजिनातलं पाणी मी काढणार आहे. तारेचा तो तुकडा माझ्याच गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवलेला आहे, शोधत बसू नका. पंधरा तारखेच्या आत, शनिवारी सकाळी येते. तुम्ही घडीची खुर्ची घेऊन धक्क्यावर येऊन बसणार आणि मी तोटी उलटी फिरवतेय म्हणून ओरडणार, हे मी धरून चालले आहे. थर्मास मी आणते.

तुमची,
पलीकडच्या घरातली