मेबलचा हरवलेला चित्रपट न्यूझीलंडमध्ये सापडला. आपले मूकपट कुठे शोधायचे?

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मेबल नॉर्मंड हे नाव आपल्याकडे चॅप्लिनच्या चरित्रात ओळीपुरतं येतं. १९१४ साली चॅप्लिन किस्टोन या अमेरिकी चित्रपट कंपनीत नवखा होता, तेव्हा मेबल तिथली आघाडीची विनोदी नायिका होती आणि दिग्दर्शनही करत होती. तिचा ‘मिकी’ (१९१८) तुफान चालला. १९२२ मध्ये विल्यम डेस्मंड टेलर या दिग्दर्शकाचा खून झाला. त्या संध्याकाळी ती त्याला भेटून गेली होती, एवढ्यावर वृत्तपत्रांनी तिची कारकीर्द पोखरली. १९३० मध्ये ती क्षयाने गेली, वय अवघं ३७.

तिने दिग्दर्शित केलेला ‘वन इन अ क्लॉझेट’ हरवला असंच धरलं जात होतं. २०१० मध्ये तो न्यूझीलंडच्या संग्रहात मिळाला. तिथेच का? वितरणाच्या साखळीचं ते शेवटचं टोक. प्रिंट परत पाठवायचा खर्च परवडत नसे, म्हणून ती तिथेच राही.

आपले तेराशेहून अधिक मूकपट. उरले मोजके, तेही बरेचसे तुकड्यांत. ‘बिल्वमंगल’चा (१९१९) ५९४ मीटरचा भाग २०१६ मध्ये पॅरिसहून आला, बदल्यात आपण ‘जमाईबाबू’ हा बंगाली विनोदी मूकपट दिला. अशी देवाणघेवाण योगायोगावर सोडू नये. आपल्या हरवलेल्या मूकपटांची यादी, कलाकारांच्या छायाचित्रांसह, परदेशी संग्रहालयांना पाठवावी. तिकडच्या डब्यांवर मूळ नाव असेलच असं नाही, शीर्षकपाट्याही स्थानिक भाषेतल्या असतात. ओळख पटते ती चेहऱ्यांवरून आणि फिल्मच्या कडेवरच्या खुणांवरून.

देशातले निनावी डबेही आधी उघडून तपासावेत. नायट्रेट फिल्म (मूकपटांच्या काळातली ज्वालाग्राही फिल्म) कुजताना चित्र पिवळसर पडतं, मग थर चिकटतात, फेस येतो, शेवटी तपकिरी भुकटी. चिकटलेलं रीळ ओढून उलगडलं की चित्राचा थरच निघून येतो, तेव्हा हे काम जाणत्या हातांचं. शिवाय ही फिल्म जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, पाण्याने विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याने ते पाहिलं आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म तेव्हा आगीत जळाल्या. थंड, वेगळी कोठडी हवीच.

आणि डिजिटल प्रत काढताना वेग तपासावा. हजार फुटांच्या ३५ मिमी रिळात १६,००० फ्रेम असतात. सेकंदाला १६ ने ते १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ ने जेमतेम ११ मिनिटं. मेबलची गंमत पडण्याआधीच्या त्या एका नजरेत आहे. वेग चुकला की नुसती धावपळ उरते. (काही प्रसंग मुद्दामच वेगवान दिसावेत म्हणून कॅमेरा सावकाश फिरवत, त्यामुळे सरसकट एकच आकडा चालत नाही.) निविदेत मात्र बहुधा रिळांची संख्या मोजली जाते. त्यात प्रत्येक रिळासाठी वेगाची नोंद आणि मूळ फिल्मची पाहणी सक्तीची करावी.

आपले,
मूकपटांचे काही अभ्यासक